‘दिसलाच नाही’: दुधाच्या पिकअपचं एक प्रकरण

सकाळचे पावणेआठ. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. धुई नाही, ऊन तोंडावर नाही, रस्ता कोरडा. औसा तालुक्यात किल्लारीच्या बाजूला एका गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो, त्या फाट्यावर दुधाचा पिकअप उजवीकडं निघाला होता. उजव्या अंगानं शंभर सीसीची मोटारसायकल सरळ आली आणि पिकअपच्या उजव्या हेडलाइटवर धडकली. एकवीस वर्षांचा पोरगा, कॉलेजला चाललेला. मांडीचं हाड मोडलं, गळ्याचं हाड मोडलं. हेल्मेट नव्हतं. डोकं वाचलं, कारण तो जिथं पडला तिथं कुणीतरी सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग लावून ठेवला होता.

पिकअपचे ड्रायव्हर त्रेपन्न वर्षांचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही इथं मामाच म्हणतो. सतरा वर्षं दुधाचीच गाडी चालवतात. दारू नाही, तंबाखूही सोडलेली, फोन त्या वेळी डॅशबोर्डच्या खणात. गाडीचा वेग दहाच्या आसपास, हे पोरानंही नाकारलं नाही. १०८ ला फोन त्यांनीच लावला आणि गाडी येईपर्यंत पोराचं डोकं मांडीवर न घेता, मान न हलवता, नुसतं हात धरून बसून राहिले. ही अक्कल त्यांना कुठून आली ते मी विचारलं नाही. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) लावली. जबाबात मामांचं एकच वाक्य: “दिसलाच नाही ओ. मी बघितलो की. बघूनच गाडी घातलो.”

मी पंचवीस वर्षं लातुरात ड्रायव्हिंग शिकवतो. ‘दिसलाच नाही’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय आणि दर वेळी सबब म्हणूनच ऐकलंय. या प्रकरणात ते पहिल्यांदा खरं धरून बघितलं. पुढचं सगळं त्याचंच आहे.

शेडमधली शिकवणी

मालकाच्या सात गाड्या दूध संकलनाच्या ठेक्यावर चालतात, आळीपाळीनं अकरा ड्रायव्हर. अपघातानंतर आठवड्याभरात त्यांचा फोन आला. “सर, पोरांना जरा मोटारसायकलवाल्यांबद्दल समजावून सांगा.” पोरं म्हणजे तीस ते पंचावन्न वयाची माणसं. मी हो म्हणालो आणि जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात देतो तेच भाषण घेऊन गेलो.

शेडमध्ये क्रेट उलटे टाकून सगळे बसले. फळ्यावर मी आकडा लिहिला: १,६८,४९१. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर गेलेली माणसं. त्यात दुचाकीवरची साडेचव्वेचाळीस टक्के. महाराष्ट्रातले मृत्यू १५,२२४. आकडा मोठा असला की माणूस गंभीर होतो असं मला तोवर वाटायचं. एकानं जांभई दिली. दुसऱ्यानं विचारलं, “यातले किती आपल्याच चुकीनं मेले, सर?” आणि तिथून जी गाडी घसरली ती घसरलीच. आरसे काढून फिरतात. ट्रिपल सीट. कानात बोंडं घालून चालवतात. डावीकडून घुसतात. रात्री अप्पर मारतात, डिपर देत नाहीत. पाऊण तास आम्ही सगळ्या जिल्ह्यातल्या मोटारसायकलवाल्यांवर त्यांच्या गैरहजेरीत खटला चालवला, आणि मी, शिक्षक, त्यात साक्षीदारासारखा मान डोलवत होतो.

गंमत म्हणजे ते अकराही जण शेडवर मोटारसायकलनंच आले होते. बाहेर लिंबाखाली गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. हेल्मेट दोनच गाड्यांना अडकवलेलं दिसलं. आरसे मी मोजले नाहीत.

मामा कोपऱ्यात गप्प होते. उठायच्या वेळी म्हणाले, “सर, हे समदं खरं हाय. पण त्या पोरानं यातलं काहीच केलं नव्हतं. आरसे होते, एकटा होता, आपल्या बाजूनं येत होता. मग मला का दिसला नाही?”

शेड गप्प झाली. मलाही उत्तर देता आलं नाही. पुस्तकातलं उत्तर माहीत होतं. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट यांच्या पथकानं मोटारसायकलींच्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला, १९८१ साली अहवाल आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनानं मोटारसायकलचा हक्काचा रस्ता कापला होता, आणि त्या ड्रायव्हरांचं म्हणणं बहुतेक हेच होतं की ती दिसली नाही किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे मामांचं वाक्य अमेरिकेतले ड्रायव्हर चाळीस वर्षांपूर्वी म्हणून गेलेले. पण एवढ्यानं मामांचं समाधान झालं नसतं. त्यांना त्यांच्या फाट्यावरचं कारण हवं होतं.

वळायचं नसतं, लागायचं असतं

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावं जुन्या जागेवरून उठवून नव्यानं वसवली गेली. हे त्यातलंच एक. जुनं गाव ओढ्याकडं होतं, नवं माळावर आलं, आणि नव्या गावठाणाचा रस्ता जिथून सोयीचा पडला तिथून मोठ्या रस्त्याला नेऊन जोडला. तो काटकोनात येत नाही, तिरका येतो. औशाकडं जाणाऱ्याला स्टिअरिंग जेमतेम उजवीकडं द्यावं लागतं. तिथले ड्रायव्हर ‘वळतो’ म्हणतच नाहीत, ‘रस्त्याला लागतो’ म्हणतात. शब्दातच सगळं आलं. वळायचं असलं की माणूस थांबतो. लागायचं असलं की क्लच अर्धा दाबून सरकत राहतो.

पण लागताना जवळचा अर्धा रस्ता आडवा कापावा लागतो, आणि त्या अर्ध्यात उजवीकडून येणारी वाहनं असतात. त्यांचा हक्क पहिला. हे सगळ्यांना माहीत आहे. लायसनच्या परीक्षेत हा प्रश्न कुणाचा चुकत नाही.

कोपऱ्यावर ऊस. नोव्हेंबरात तोड आलेली नव्हती, दोन पुरुष उंचीचा फड उभा. त्यामुळं गावाकडून येणाऱ्याला मोठा रस्ता दिसतो तो फाट्याच्या अगदी तोंडाशी आल्यावर. तिथून धडकेच्या जागेपर्यंत अंतर टेपनं मोजलं तर ११ मीटर भरलं.

मामांच्या सीटवरून

पोलिसांनी अडकवलेली गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करायच्या लेखी हमीवर, सुटली होती. एका रविवारी भल्या सकाळी मी, मामा, मालक आणि माझ्याकडं शिकणारा एक मुलगा फाट्यावर गेलो. बरोबर चुन्याची पिशवी, टेप आणि माझी मोटारसायकल. दोन्ही बाजूंना माणूस उभा करून, साइडपट्टीवरच सगळं केलं.

पोरगा त्या दिवशी पन्नासच्या आसपास होता. पन्नासच्या वेगात मोटारसायकल सेकंदाला १४ मीटर कापते. दहाच्या वेगात सरकणारा पिकअप तीन मीटरही नाही. धडकेच्या जागेवरून उलटं मोजत गेलो. चार सेकंद आधी पिकअप ११ मीटर मागं, मोटारसायकल ५५ मीटर. दोन सेकंद आधी साडेपाच आणि २८. चारही ठिकाणी चुना टाकला.

पिकअप पहिल्या खुणेवर उभा केला. मामा सीटवर.

“मामा, मोटारसायकल दिसती का?”

“कुठं हाय? आणली नाही का अजून?”

मुलगा ५५ मीटरवर गाडी घेऊन उभा होता, हात हलवत.

दुसऱ्या खुणा. पिकअप पुढं घेतला, मोटारसायकल २८ वर आणली. मामांनी बराच वेळ बघितलं, मग अवघडून म्हणाले, “सर, चेष्टा करू नका.” मी दार उघडून त्यांना म्हटलं, डोकं नुसतं वीतभर पुढं करा. त्यांनी केलं. आणि मोटारसायकल काचेत आली. डोकं मागं घेतलं, गेली. पुढं, आली. मामा पाच-सहा वेळा तसंच करत राहिले. नंतर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून गप्प बसले.

काचेच्या उजव्या बाजूचा जो खांब असतो, ज्याला आपण पिलर म्हणतो, त्याच्या आड मोटारसायकल होती. पिलर एकटा नव्हता. त्याला क्लिपनं अडकवलेला सहा इंची पंखा, पंख्यावर वाळत टाकलेली दस्ती, बाहेरून आरशाची दांडी. सगळं मिळून वीतभर. मामांच्या डोळ्यापासून अंतर दोन फूट. डोळ्यापाशी वीतभर आड आलेली वस्तू २८ मीटरवर सहा मीटर रस्ता झाकते, दोन्ही डोळे उघडे असले तरी. नुसता पिलर असता तरी पावणेदोन मीटर गेलाच असता, आणि समोरून बघितलं तर मोटारसायकल पाऊण मीटरही रुंद नसते.

माझी मान तुकली ती पुढच्या गोष्टीनं. दोन्ही खुणांवर, म्हणजे दोन सेकंदांच्या अंतरानं, मोटारसायकल पिलरच्या त्याच जागी होती. दोन वाहनं एकाच ठिकाणी एकाच वेळी पोचणार असतील आणि दोघांचा वेग तोच राहिला, तर एकाला दुसरं कायम एकाच कोनात दिसतं. सरकत नाही, नुसतं मोठं होत जातं. जहाजांच्या नियमावलीत तर हे धडकेचं लक्षण म्हणूनच लिहिलेलं आहे. इथं ते मोठं होणंही पंख्याआड चाललं होतं. मामा सरकत राहिले म्हणून पोरगा पिलरमागं राहिला. ते एकदा थांबले असते तर तो आपोआप बाहेर आला असता.

मग मी त्यांच्या जागी बसलो. मला मोटारसायकल दिसली. मी मागं रेलून बसतो, मामा स्टिअरिंगला पोट लावून. त्यामुळं आमचे पिलर वेगवेगळी जागा झाकतात. पंचवीस वर्षं मी शेजारच्या सीटवर बसून पोरांना “दिसत नाही का तुला?” म्हणून ओरडत आलो. त्यातल्या काहींना खरोखर दिसत नसणार. हे मनातून जात नाही.

पोराकडं नंतर दवाखान्यात जाऊन आलो. त्याचे वडील आधी बोलायला तयार नव्हते, ते साहजिक होतं. पोरगा मात्र मोकळा बोलला. पिकअप त्याला दिसला होता, उसातून बाहेर आला तेव्हाच. “हळू झालेला बघितलो, म्हणलं मामा थांबलालेत.” हळू चाललेलं वाहन आपल्यासाठीच थांबतंय असं सगळ्यांना वाटतं. मी विचारलं, ड्रायव्हरचा चेहरा आठवतो का? त्यानं डोळे मिटून आठवून बघितलं. पंखा आठवत होता. निळा.

त्याची मोटारसायकल काकांची, जुनी. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर पेटतो आणि पेटलेलाच राहतो. हिचा बटणावर होता, बंद होता. दिवा चालू असता तर बरं झालं असतं, पण पिलरमागचा दिवाही पिलरमागंच असतो.

आरशातले डोळे

मालकाला वाटलं, पंखा काढला की काम झालं. मामांनी पंखा तिथल्या तिथं काढून सीटखाली टाकलाही. पण मला एक गोष्ट खटकत होती. मामा म्हणत होते की त्यांनी उजवीकडं, दाराच्या काचेतूनही बघितलं होतं. मग काचेतून पिलरकडं नजर आणताना मधेच कुठंतरी तो सापडायला हवा होता.

शेडमध्ये दुसऱ्यांदा सगळे जमले तेव्हा भाषण दिलं नाही. पिकअपचा आरसा आतल्या बाजूला वळवला आणि एकेकाला म्हटलं, आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्याकडं बघा, मग उजव्या, परत डाव्या. आपले डोळे हलताना दिसतात का सांगा. कुणालाच दिसले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ते टुणटुण उड्या मारताना स्पष्ट दिसत होते. दहा मिनिटं शेडमध्ये शाळेच्या मधल्या सुट्टीसारखा गोंधळ होता.

नजर रस्त्यावरून सरपटत जात नाही, उड्या मारते. उडी चालू असताना मेंदू चित्र बंद करतो आणि मधली जागा आपल्या अंदाजानं भरून टाकतो. रिकामा रस्ता, रिकामा रस्ता, म्हणजे मधलाही रिकामा. एसटी एवढी मोठी की दोन उड्यांच्या मधे मावत नाही, मोटारसायकल मावते. मान गर्रकन उजवी-डावी करून “बघितलो” म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्यानं दोन-तीन जागा बघितलेल्या असतात, बाकीचा रस्ता मनानं भरलेला असतो.

मी मामांना विचारलं, त्या दिवशी उजवीकडं काय बघितलंत? ते म्हणाले, “ट्रॉली नव्हती. एसटी नव्हती. टिप्पर नव्हता.” सगळी ‘नव्हती’ची यादी. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर आलेले. फाट्यावर येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तेच असतं. नजर धोका शोधते, आणि पिकअपवाल्याला मोटारसायकलचा धोका कधीच नसतो. अकरातल्या सगळ्यात तरुण ड्रायव्हरनं हे माझ्यापेक्षा बरं सांगितलं: “आपण बघतो ते आपल्याला कोण उडवील ते. आपण कुणाला उडवू ते कोण बघतंय?”

यातही एक गाठ आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं की ज्या कारचालकांकडं मोटारसायकलचंही लायसन असतं, त्यांच्या हातून मोटारसायकलशी धडक होण्याची शक्यता कमी असते. मग आपल्याकडं तर हे प्रमाण नगण्य व्हायला हवं, कारण इथला प्रत्येक ड्रायव्हर मोटारसायकलवरच मोठा झालाय. माझा अंदाज असा की आपल्याकडं मोटारसायकल ही वेगळी गोष्टच राहिलेली नाही. ती रस्त्यावरच्या धुळीसारखी सगळीकडं आहे, म्हणून नजर तिच्यावर अडत नाही. हा अंदाजच आहे.

तिसरी गोष्ट मोठ्या रस्त्याच्या कडेला उभं राहून केली. एका लिंबाच्या झाडावर चुन्याचा पट्टा मारला. येणारं वाहन झाडापाशी पोचायला आणि आपल्याला रस्ता ओलांडायला वेळ पुरणार नाही असं वाटेल त्या क्षणी हात वर करायचा. एसटी आली की हात लवकर वर जायचे. मोटारसायकल आली की उशिरा, काहींचे तर ती झाडापाशी आल्यावर. वेग तोच असला तरी लहान वस्तू लांब वाटते आणि सावकाश येतेय असं वाटतं. डोळ्याची ही खोड शिकवून जात नाही. म्हणून तिथंच ठरलं: समोर मोटारसायकल असली की अंदाज करायचाच नाही, जाऊ द्यायची.

शिकवलं काय

शिकवलं थोडंच, पण ते फाट्यावर, ज्याच्या त्याच्या गाडीत, दूध भरलेलं असताना. फाट्याच्या तोंडाशी चाक थांबलं पाहिजे. सरकणं म्हणजे थांबणं नाही. थांबल्यावर छाती स्टिअरिंगकडं न्यायची, मग मागं घ्यायची, म्हणजे पिलरच्या दोन्ही अंगांचा रस्ता डोळ्यांसमोरून जातो. आणि जे दिसेल ते तोंडानं मोठ्यानं म्हणायचं.

हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या ड्रायव्हरांना बोलत गाडी चालवायला शिकवतात, ते मी वाचलं होतं. पण रिकाम्या केबिनमध्ये एकट्यानं “लाल गाडी, डबल सीट” म्हणणं इथल्या माणसाला वेडेपणा वाटतो. पहिले चार दिवस सगळे लाजले. पण “मोकळं हाय” असं म्हणायला मी बंदी घातली होती. जे नाही ते सांगायचं नाही, जे आहे तेच सांगायचं. रस्ता खरंच मोकळा असेल तर दूर काय दिसतं ते सांगायचं: बाभळ, मैलाचा दगड, शेळ्या. तोंड नाव शोधायला लागलं की नजरेला थांबावंच लागतं.

तक्रारी आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. चढाच्या फाट्यावर भरलेली गाडी थांबवली तर पहिल्या गिअरवर उचलावी लागते, क्लच जळतो, कॅन हिंदकळतात. शीतकरण केंद्रावर वेळेत पोचलं नाही तर दूध नासतं आणि पैसे ड्रायव्हरच्या डोक्यावर बसतात. आम्ही एका फेरीतले असे फाटे मोजले, चौदा निघाले. प्रत्येकी आठ सेकंद जास्त धरली तर सगळे मिळून दोन मिनिटंही होत नाहीत. मालकानं दोन मिनिटं मान्य केली. सगळ्यांसमोर केली, हे महत्त्वाचं. मालकाची घाई ड्रायव्हरच्या उजव्या पायात उतरते, तिथं माझ्या शिकवण्याचं काही चालत नाही.

ओव्हरटेकचं त्यांना मी फारसं सांगितलं नाही, त्यांनीच एकमेकांना सांगितलं. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेली मोटारसायकल मीटरभराहून रुंद असते, आणि डगमगते. तिला घासून गेलं तर गाडीच्या वाऱ्यानंही तोल जातो. मोटारसायकलवाला अचानक उजवीकडं येतो तो माजला म्हणून नाही, पुढं खड्डा असतो, कडेला वाळू असते, कुणी रस्त्यावर सोयाबीन पसरलेलं असतं. चारचाकीला जो खड्डा चाकांच्या मधून निघून जातो, तो त्याला चुकवावाच लागतो. आणि त्याचं इंडिकेटर वळून झाल्यावर आपोआप बंद होत नाही. लुकलुकतंय म्हणून तो वळणारच असं धरू नये. हे बोलताना ते ड्रायव्हर राहिले नव्हते, मोटारसायकलवाले झाले होते. पहिल्या दिवशी त्याच तोंडांनी खटला चालवला होता.

दाराचं एक: थांबल्यावर ड्रायव्हरचं दार डाव्या हातानं उघडायचं. अंग आपोआप वळतं, मागचा रस्ता दिसतो. हे एका दिवसात सगळ्यांच्या अंगवळणी पडलं, कारण यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

जे जमलं नाही

एक ड्रायव्हर थांबायला शिकला, बघायला नाही. चाक थांबवतो, दोन आकडे मोजतो आणि समोर बघतच गाडी घालतो. त्याच्यासाठी थांबणं हाच नियम झाला. दुसरा उलट इतका धास्तावला की मोठ्या रस्त्यावर स्वतःचा हक्क असतानाही प्रत्येक मोटारसायकलसाठी ब्रेक मारू लागला. मागून येणाऱ्याला ते कळायला हवं ना. त्याला परत दोन दिवस शेजारी बसून सोडवावं लागलं. काचेवरची झालर, लिंबू-मिरची आणि मोबाइलचा स्टँड यांवरून वाद झाले. देवीचा फोटो काढा असं मी म्हटलंच नव्हतं, पण बातमी तशी पसरली. शेवटी फोटो डॅशबोर्डवर खाली आला आणि झालरीची लांबी चार बोटं कमी झाली. पिलरवरचे पंखे सात गाड्यांतल्या पाचांतून निघाले. उरलेले दोघं म्हणतात, उन्हाळ्यात तुम्ही या केबिनमध्ये बसून दाखवा. एप्रिलमधल्या मराठवाड्यात त्यांच्याशी वाद घालायला मला तोंड नाही. पंखा डाव्या बाजूला लावायला वायर कमी पडते एवढंच कारण आहे. ते काम मालकाकडं अडलंय.

उसाच्या कोपऱ्याचं आम्ही शेतकऱ्याकडं गेलो. तो म्हणाला, माझा काय नकार, पण तोड माझ्या हातात आहे का? टोळी येईल तेव्हा येईल. खरं होतं. जानेवारीत तोड आली, तेव्हा मामांनी स्वतः टोळीच्या मुकादमाला चहा पाजून कोपरा आधी साफ करून घेतला. पुढच्या लागणीला तिथल्या चार सऱ्या सोडून हरभरा घालीन असं शेतकरी म्हणालाय. बघू. रस्ता काटकोनात आणायचा अर्ज ग्रामपंचायतीनं दिलाय, त्याचं अजून काही झालेलं नाही.

कोर्टातलं प्रकरण चालू आहे, त्यावर इथं लिहिणं योग्य नाही. पिलर होता म्हणून मामांची चूक नाही असं मी कुठंही म्हटलेलं नाही, आणि मामाही म्हणत नाहीत. फेब्रुवारीत पोरगा काठी सोडून चालायला लागला. मामा दर अमावास्येला त्याच्या घरी जाऊन येतात. वडील आता चहा विचारतात.

मार्चमध्ये मी न सांगता त्यांच्या फेरीला बसलो. ऊस गेल्यानं फाटा उघडा पडला होता, उजवीकडचं दूरवर दिसत होतं. आता थांबायची गरज काय, असं कुणालाही वाटलं असतं. मामांनी चाक थांबवलं. पुढं वाकले, मागं रेलले.

“कॅनवाला, एकटाच. मागं ट्रॉली, रिकामी.”

कॅनवाला गेला. ट्रॉली खडखडत गेली. रस्ता मोकळा झाला, मी तर मनातून निघालोही होतो. मामा हललेच नाहीत.

“ट्रॉलीच्या मागं एखादा असतोय बघा.”

ट्रॉलीच्या धुळीतून एक मोटारसायकल बाहेर आली. माणूस, मागं बाई, मांडीवर लेकरू, लेकराच्या डोक्यावर टोपडं. आमच्याकडं न बघता निघून गेले. आमच्या मागच्या टमटमनं हॉर्न वाजवला, मग परत वाजवला. मामांनी एकदा मान पुढं घालून बघितलं आणि पहिला गिअर टाकला.